चहाच्या अंतरावरचा रानपिंगळा

नाना, मी धुळ्याला त्याच्याकडे जाऊन आलो. कोणाकडे ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की फैजपुरात आपल्या स्टुडिओला तुमच्या नावानं ओळखणारे आता थोडेच उरलेत, पण मी मनातल्या मनात अजूनही त्याचं नाव घेत नाही, नुसतं ‘तो’ म्हणतो. तुमच्या हाताखाली आम्ही दोघंच शिकलो. मी यावलकडच्या खेड्यातला, गावच्या शाळेत दहावी करून आलेला. तो पिंपळनेरचा, माझ्यामागून आलेला आणि धुळ्याला निघून गेलेला. अशा नात्याला गुरुबंधू म्हणतात. गिऱ्हाईक फोटोला बसता बसता विचारतं, "धुळ्याचे ते मोठे जंगलातले फोटोग्राफर तुमचे गुरुबंधू ना?" मी हो म्हणतो, हसतो, हनुवटी थोडी वर घ्या म्हणतो. मग संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की हात जोडलेले असतात आणि मन धुळ्यात असतं. जप करताना मणी पुढे सरकतात, पण मोजदाद त्याच्या बक्षिसांची चाललेली असते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला कळलेलं आहे, पण ती बोलत नाही.

गेलो होतो ते कॅमेऱ्याचं विचारायला. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं आता जंगलाचा कॅमेरा घ्यायचा म्हणजे लोक हसतील, मला माहीत आहे. त्याला कारण झालं ते असं. शनिवारी मी डोंगराच्या पायथ्याच्या मारुतीला जातो, ती सवय तुमचीच. तेल घालायचं, शेंदराचं बोट कपाळाला लावायचं, पारावर घटकाभर बसायचं. या हिवाळ्यात एका शनिवारी तसाच बसलो होतो. उन्हं वर आलेली, आणि देवळामागच्या सागाच्या उघड्या फांदीवर एक पिंगळा. पिंगळ्यानं दिवसा असं उघड्यावर बसायचं काय कारण? मी नीट पाहिलं. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर तपकिरी पट्टे दाट, पोट पांढरं, आणि शेपटी एकसारखी झटकत होता, जसं कोणी उपरणं झटकतं. थोड्या वेळानं दुसरा आला, चोचीत सरडा. तो रानपिंगळा होता, नाना. आपण तिघं त्या भागात किती भटकलो. कदाचित तुम्हीही त्याला पाहिलं असेल आणि साधा पिंगळा म्हणून पुढे गेला असाल, तेव्हा आपल्यापैकी कोणाला ठाऊक होतं? जगातल्या फार थोड्या ठिकाणी उरलेलं हे पाखरू आपल्या मारुतीच्या मागे संसार थाटून बसलंय. मी तिथल्या तिथे हात जोडले, मारुतीला जोडले की पाखराला ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आणि तो मी ओळखला कशावरून, तर त्याच्या फोटोवरून. तेही लिहून टाकतो. धुळ्याच्या एका सरकारी ऑफिसात जिन्याजवळ त्याचा रानपिंगळ्याचा फोटो भिंतभर लावलेला आहे. एकदा एका कामासाठी गेलो असताना मी त्याच्यासमोर उभा राहिलो होतो. पिसन् पीस मोजून घ्यावं असा फोटो. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘गुरुचरणी’. गुरु म्हणजे तुम्ही. माझं काम राहिलं बाजूला, मी ती एका शब्दाची ओळ वाचत राहिलो. तुमच्या चरणांशी मी राहिलो, नाना. शेवटच्या दुखण्यात ते चरण मी चेपले. आणि भिंतीवर ओळ त्याची.

म्हणून ठरवलं की माझाही रानपिंगळा झाला पाहिजे. लग्नाच्या कॅमेऱ्यानं तो होत नाही. त्याची लेन्स नवरा-नवरी, अंतरपाट आणि पहिल्या रांगेतल्या करवल्या एवढंच जग बघणारी. पारावरून फोटो काढला तर सागात पिंगळा कुठला आणि गाठ कुठली हे सांगावं लागेल. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. कोणता कॅमेरा घ्यावा, कोणती लेन्स घ्यावी हे सांगणारी पोरं पुष्कळ आहेत. आज ज्याला उत्तम म्हणतात त्याला पुढच्या महिन्यात टाकाऊ म्हणतात. एक सांगतो, मोठा सेन्सर घ्या, कमी उजेडात चालतो. दुसरा सांगतो, छोटा घ्या, पाखरू जवळ येतं. एक म्हणतो, लेन्स आधी, कॅमेरा नंतर. एक म्हणतो, कॅमेरा आता स्वतःच पाखराचा डोळा शोधतो, तुम्ही फक्त बटण दाबा. हे ऐकून मला तुमची आठवण झाली. कॅमेऱ्यानं डोळा शोधायचा, मग आपण काय शोधायचं? डोकं गरगरायला लागलं तेव्हा माझी मुलगी, जी आता स्टुडिओतलं कॉम्प्युटरचं सगळं काम बघते, ती म्हणाली, "पप्पा, इतकं बघण्यापेक्षा धुळ्याच्या काकांना विचारा ना. त्यांच्याएवढं कोणाला कळतं?" पोरीनं सहज म्हटलं. मला जेवण गेलं नाही.

तुमच्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट तुम्हाला आठवणार नाही, कारण तिच्यात आठवण्यासारखं काही नाही. काकू चुलीपाशी बसलेल्या, आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी एकामागून एक येताहेत, ताटात वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा. काकू मला वाढतात, मग त्याला वाढतात, आणि त्याच्या भाकरीवर तुपाची धार सोडतात. "लांबचा आहे रे तो," म्हणतात, "त्याची माय नाही इथं." माझीही माय इथं नव्हती, ती यावलकडच्या गावात होती. पण माझं गाव जवळचं. जवळच्याला तूप नसतं. मी खाली मान घालून खातो आहे, तो मिटक्या मारतो आहे, आणि तुम्ही पाटावरून आम्हा दोघांकडे बघून मिशीत हसता आहात. ते हसणं कोणासाठी होतं, एवढं मला विचारायचं राहून गेलं.

आणि ती टेली. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुमच्याकडे लांबचं जवळ आणणारी एकच लेन्स होती, सगळे तिला टेली म्हणायचे. खंडेनवमीला शेतकरी औतं पुजतो तशी तुम्ही कॅमेऱ्यांची पूजा मांडायचात. पाटावर स्वच्छ कापड, त्यावर कॅमेरे, फ्लॅश, फोटो मोठे करायच्या एन्लार्जरची काच, झेंडूची फुलं. एका वर्षी तुम्ही कुंकू तेलात कालवलंत, ते घसरू नये म्हणून, आणि टेलीच्या गळ्याला चांगलं जाड बोट ओढलंत. ते ओघळून फोकसच्या कड्याच्या फटीत गेलं आणि आत सुकलं. दुसऱ्या दिवशी कडं फिरेना. तुम्ही फडक्यानं धरून पाहिलंत, उन्हात ठेवून पाहिलंत. कडं एका जागी बसलं ते बसलंच. कोणी म्हणालं, मुंबईला पाठवा, उघडून साफ करून देतील. तुम्ही म्हणालात, "देवाच्या नावानं लावलेलं कुंकू परक्याच्या हातानं कसं खरवडू?" आणि मग तुम्ही शोधून काढलंत की टेली आता एकाच अंतरावरचं साफ दाखवते, त्याच्या अलीकडचं नाही, पलीकडचं नाही. ते अंतर म्हणजे स्टुडिओच्या उंबऱ्यापासून समोरच्या चहावाल्याच्या भट्टीपर्यंत. नेमकं तेवढं. चहावाल्याची किटली आरशासारखी स्वच्छ दिसायची, त्याच्यामागचा कपबश्या धुणारा माणूस धुरात असल्यासारखा. "झालं," तुम्ही म्हणालात, "आता कडं नाही फिरवायचं. आता आपुन फिरायचं."

आपण जंगलात गेलो की तुम्ही आधी बसायची जागा ठरवायचात आणि तिथून चहाच्या अंतरावर ओढ्यात एक वाळकी काठी रोवायचात. काठी रोवून घरी यायचं. चार-आठ दिवस पाखरांना तिची सवय होऊ द्यायची. मग एक दिवस पहाट फुटायच्या बेताला जाऊन बसायचं, पाखरू काठीवर येईपर्यंत. आम्हाला ते अंतर मोजावं लागत नव्हतं. दिवसातून दहा वेळा हातात चहाचे ग्लास घेऊन तो रस्ता आम्ही ओलांडायचो. अंतर डोक्यात नव्हतं, पायात होतं. डोळे मिटून चालायला लावलं असतं तरी आम्ही दोघं बरोबर भट्टीपाशी थांबलो असतो.

पाल गावाच्या रस्त्याला ओढ्याकाठची ती सकाळ तुम्ही विसरला असाल, मी नाही. टेली त्याच्याकडे दिलेली, माझ्याकडे दुसरा कॅमेरा. खंड्या आला तो काठीवर न बसता वरच्या अंगाला एका दगडावर बसला. किती तरी वेळ तिथेच. निळा असा की डोळे दुखावेत. मला राहवेना. मी उठलो, वाकून वाकून चार पावलं गेलो, पाखरू उडालं. तुम्ही ओरडला नाहीत, ओरडला असता तर बरं होतं. हळूच म्हणालात, "उठला काबरं? तो येतच होता काठीवर. तुले भूक लागते तशी घाई लागते रे." मग त्याच्याकडे बोट केलंत. तो टेलीला डोळा लावून तसाच बसून होता, पाखरू उडाल्यावरही हललेला नाही. "त्याले पाह्य. दगड झाला तो, दगड. डोयासुद्धा नाही हलत." बस्स, एवढंच. हे वाक्य मी कित्येक वर्षं बरोबर घेऊन फिरतो आहे. लग्नात, बारशात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, जिथे म्हणून उभा राहून फोटो काढले तिथे मनात आलं की तो असता तर दगड होऊन बसला असता.

तो धुळ्याला निघाला त्या वर्षीची खंडेनवमी. पूजा झाली, नारळ फुटला, काकूंनी हातावर साखर-खोबरं ठेवलं. तुम्ही पाटावरून टेली उचललीत, ताजं कुंकू लावलेली, आणि त्याच्या ओंजळीत ठेवलीत. मला वाटलं, धरायला दिली असेल. तो तुमच्या पाया पडला तेव्हा कळलं. मला तुम्ही काही महिन्यांनी स्टुडिओच्या किल्ल्या दिल्यात, आणि मी घरी येऊन म्हणालो, नानांनी दुकान सोपवलं. सगळे म्हणाले, नशीब काढलंस. खरंच आहे. त्या दुकानावर माझं घर उभं राहिलं, पोरगी शिकली. पण किल्ली कुंकू लावून ओंजळीत दिलेली नव्हती, नाना. ती तुम्ही खिशातून काढून काउंटरवर ठेवली होती.

तर आता धुळ्याचं. त्याच्या दारात पोचलो तर तो झाडांना पाणी घालत होता. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, मला बरं वाटलं. मला बघून पाइप तसाच टाकून आला. "ये भो, ये! इतला वरीसमा आज वाट चुकना का?" आतल्या खोलीत नेलं. एका भिंतीला राखाडी रंग दिलेला, टेबलावर कॉम्प्युटरचा मोठा पडदा, त्याला तिन्ही बाजूंनी काळ्या पुठ्ठ्याची टोपी, उजेड पडू नये म्हणून. वहिनी चहा घेऊन आल्या. तो सांगत होता की कॅमेऱ्याइतकाच पडदाही खरा पाहिजे, पडदा खोटा असला की आपण खोट्याला खोटं जोडत जातो. आपल्याकडे लग्नाच्या फोटोत नवरी उजळ करतात, तीच सवय पाखराला लागली की गेलं. फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायचे, एक घरात, एक दुसऱ्याच्या घरात. कॉम्प्युटरमध्ये कशावर खर्च करायचा, कशावर नाही. सगळं मनापासून सांगत होता, हातचं राखून नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. एवढं असूनही माणूस चांगला असावा हे जरा अतीच होतं.

मग त्यानं विचारलं, "कॅमेरा कसाकरता पाह्यजे तुले? लगीनना का जंगलना?"

"जंगलाचा. म्हणजे... हतनूरच्या धरणावर जाईन म्हणतो. बदकं, करकोचे." मी ठरवूनच गेलो होतो. रानपिंगळ्याचं तोंडातून काढायचं नाही. त्याला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी माझ्या मारुतीच्या पारावर दगड होऊन बसेल, आणि तोही फोटो भिंतीवर जाईल.

तो खूश झाला. पाण्यावरच्या पाखरांना काय लागतं ते एकदम सोपं, म्हणाला. उघडा उजेड असतो, तेव्हा लांबात लांब झूम घे, जास्त उजेड आत घेणाऱ्या भारी लेन्सवर पैसा घालू नको. छोट्या सेन्सरचा कॅमेरा चालेल, पाखरू अजून जवळ दिसेल. कॅमेऱ्याला दणकट तिपाई घे. मला सागाच्या सावलीत, सकाळच्या कोवळ्या उजेडात बसायचं होतं, आणि जे जे तो सांगत होता ते माझ्या कामाच्या नेमकं उलटं होतं. खोटं मी बोललो होतो, आणि आता त्याचा खरा सल्ला मला खड्ड्यात घालत होता. मी म्हणालो, "पण सावलीत कसं चालेल ते झूम?"

"हतनूरना पानीवर सावली कोठेन उनी भो?"

"नाही, काठाला झाडं असतात ना. आणि शटरचा आवाज नको होणारा पाहिजे."

"आवाज?" तो म्हणाला. "इतला दूरतीन बदकस्ले काय आयकू येस?" मग त्यानं ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघायला लागला, तसंच, ओढ्याकाठच्यासारखं, डोळा न हलवता. मी भिंतीकडे बघत होतो. वहिनी दारातून म्हणाल्या, "काय झालं हो? दोघं मुके का झाले?" तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"सावली," तो बोटांवर मोजत म्हणाला, "गुपचूप शटर, आनि मोठा सेन्सर पाह्यजे व्हई तुले. दिवसना दखास ते पाखरू. बरं, बरं." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला. "कोठे शे ते सांगू नको. माले बी नको. नानानी काय शिकाडेल शे? देवाचं देऊय साऱ्यायले सांग..."

"...पाखराचं घर कोनाले सांगू नको," मी पुरं केलं. तुमच्या बोलीत, तुमच्या आवाजात. दोघांचाही आवाज तसाच निघाला.

"तू पाळं ते," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, नाना, ठसक्याचं असेल, नसेलही. "मी नही पाळं. त्या फोटोना येळे मी जागा सांगी दिधी, कवतिकमा. आठ दिनमा तठे गाड्यासनी रांग. पाखरू निंघी गयं. तू बरं करं भो. नाना ऱ्हातात ते तुनी पाठ थापटतात."

मी ‘हो’ म्हणालो.

मग तो उठला आणि देवघरातून टेली घेऊन आला. हो, देवघरातून. लाल कापडात बांधलेली. गळ्याला कुंकवाचे थर, इतक्या वर्षांचे, वरचा अजून ओला वाटावा असा ताजा. म्हणजे तो दर खंडेनवमीला लावतो. "बठ्ठा म्हनतस, दुरुस्त करी ले," तो म्हणाला. "मी म्हनस, नानानं कुंकू शे ते." मला एकदम वाटलं, हे माझ्याकडे असतं तर मीही लावलं असतं, त्याच्यापेक्षा मन लावून लावलं असतं. मग त्यानं सांगितलं की नव्या कॅमेऱ्याला मधे एक ॲडॉप्टरची कडी लावली की ही जुनी टेली बसते, आणि सावलीत ही त्या लांब झूमपेक्षा जास्त कामाची. "म्हातारी शे, पन तुना नव्या झूमपेक्षा जास्त उजेड पेस. फक्त तुले चहानं अंतर पाह्यजे." आणि ती माझ्या ओंजळीत ठेवली. "काम झाया का लई ये."

मी म्हणालो, "तुला दिली होती नानांनी."

"माले दिधी?" तो म्हणाला. "तुले दुकान भेटनं, नाना भेटना, काकूना हातनी भाकर भेटनी मरेपर्यंत. माले काय भेटनं? ही अडकेल टेली. धुळाना स्टँडवर ती मांडीवर लिसन मी रडनू, भो." त्यानं ते थट्टेनं म्हटलं, वहिनीही हसल्या. मी हसलो नाही. माझ्यावर जळणारा कोणीतरी जगात होता हे ऐकून मला फार बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

एस.टी.त टेली मांडीवर घेऊन बसलो. त्याच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या सेन्सरचा, आवाज न करणारा कॅमेरा आणला, चांगला पडदा आणला, कडी आणली. लांब झूम घेतलं नाही. नव्या कॅमेऱ्याची पूजा केली ती अक्षता आणि फूल वाहून, कुंकू कोरडं, ते पाटाला. मुलगी शेजारी पहारा करत उभी होती.

मारुतीमागच्या सागाच्या त्या फांदीखाली उभा राहून मी वर पाहिलं आणि मागे चालत आलो. मोजलं नाही. पाय जिथे थांबले तिथे एक करवंदीची जाळी होती, तिच्याआड बसलो. पहिल्या शनिवारी पाखरू आलं नाही. पुढच्या शनिवारी आलं ते दुसऱ्या फांदीवर, धुरकट दिसलं. माझे गुडघे सरसावले, नाना. उठायचंच होतं. तुम्ही मागे आहात असं वाटलं, आणि मग वाटलं की तुम्ही नाही, तो आहे, आणि त्याच्यादेखत मी उठणार नाही. बसून राहिलो. त्या रागानंच बसून राहिलो. त्यानंतरच्या शनिवारी ऊन फांदीवर आलं आणि पिंगळा त्या उन्हात येऊन बसला, नेमका चहाच्या अंतरावर. शेपटी झटकली, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. काही आवाज झाला नाही. ते बसलं तसंच बसून राहिलं, आणि मी कॅमेरा खाली ठेवून हात जोडले.

घरी मुलीनं फोटो मोठ्या पडद्यावर लावला. एक प्रोग्राम असतो, तो फोटोतल्या सावलीच्या भागात उठणारे दाणे पुसतो; तिनं एकदा चालवून दाखवला तर पिंगळा मेणाचा झाला. मी म्हटलं, राहू दे, दाणे राहू दे. फोटो छान आहे, नाना. पोटाचा पांढरा, सागाची सुरकुतलेली साल, डोळ्यात कोवळं ऊन. आणि तो पाहणाऱ्या कोणालाही कळणार नाही की मी कुठे बसलो होतो. एकट्या त्याला कळेल. तो फोटोकडे बघेल आणि म्हणेल, उंबऱ्यापासून भट्टीपर्यंत. या जगात ते अंतर पायांत असलेली आता दोनच माणसं आहेत. चहावाल्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय.

मुलगी रोज विचारते, "काकांना पाठवला का?" बायकोनंही एकदा विचारलं. मी दोघींना सांगितलं, नानांचा नियम आहे, घरट्याजवळचा फोटो पाठवायचा नसतो. मुलीला ते फार आवडलं, तिनं मैत्रिणींनाही सांगितलं. टेली अजून माझ्याच देवघरात आहे, तुमच्या फोटोशेजारी, तिच्या लाल कापडात. ती मी परत करीन, खंडेनवमी झाली की करीन.

ही पानं त्याच कापडाखाली ठेवणार आहे. तुम्हाला पाठवायला ठिकाण नाही, आणि असतं तरी पाठवली नसती, कारण तुम्ही वाचून त्याचीच बाजू घेतली असती. तरी खरं ते लिहून थांबतो. मुलीनं त्या दिवशी गमतीनं पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले होते, त्याचा आणि माझा. मी फोटो त्याला पाठवला नाही तो तुमच्या नियमासाठी नाही, नाना. त्याचा चांगला आहे.